खारीवरचा नेम

खारीची शिकार ही हाताची नव्हे, संयमाची विद्या आहे, असं श्रीवर्धनचे आमचे शेजारी काका सांगतात. पावसाळ्यात खार झावळीच्या बुडाशी दबून असते, थंडीत उन्हाला येते, उन्हाळ्यात पाटाच्या पाण्यावर. त्यानुसार बेचकी घेऊन कुठे उभं राहायचं हे त्यांनी ठरवलेलं आहे. मधेच "समजलं काय?" असं विचारतात आणि उत्तराला थांबत नाहीत.

यंदा उन्हाळ्यात खारींनी कोवळे नारळ पोखरले, तेव्हा काकू कडाडल्या, "गप्पा पुरे झाल्या. आज एक तरी पाडा, न्हायतर उद्या मी माडांवर उंदराचं औषध ठेवते!"

दुपारी मी काकांबरोबर पाटाशी उभा होतो. खार आली, दहा हातांवर. तोंडात घरट्यासाठी काथ्या होता. काकांनी रबर ताणलं, बराच वेळ धरलं आणि हळूच सैल सोडलं.

"वारा आडवा हाय," ते मला म्हणाले. एक पान हलत नव्हतं.

मग घराकडे तोंड करून ओरडले, "पाडली गो एक!"

काकूंनी औषध परत माळ्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माडांखाली सात पोखरलेले नारळ पडले होते. काकू उठायच्या आत आम्ही दोघांनी ते विहिरीमागे पुरले.