आमची केबल, त्यांची गल्ली

मला राग येतो तो आमच्या गल्लीचा, आमच्या तालमीचा, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त माझ्याच एका वाक्याचा. ते वाक्य मी भर बैठकीत, छाती काढून बोललो होतो. टाळ्याही पडल्या होत्या.

शहरात टूम निघाली की इंटरनेटची केबल कुठल्या कंपनीची नको, आपल्या सगळ्यांची असावी. मोठ्या रस्त्याखालची फायबर आणि पेठेतल्या शाळेतली मुख्य पेटी महापालिका करणार. गल्लीतला चर गल्लीनं खणायचा आणि पुढं ती केबल सांभाळायचीही गल्लीनंच. मंगळवार पेठेत असल्या कामाला माणसं कधी कमी पडत नाहीत. एका रविवारी तालमीतले पैलवान, रिक्षावाले, गिरणीवाला, झाडून सगळे कुदळ-फावडी घेऊन उतरले. दुपारपर्यंत केबलची केशरी पाइप जमिनीखाली गेली आणि आम्ही मिसळीवर तुटून पडलो. मी निवृत्त मास्तर, म्हणून समितीचा अध्यक्ष. मास्तरला अक्कल असते असा लोकांचा एक समज असतो.

त्याच्या आठवडाभर आधी बैठक झाली होती. पालिकेची इंजिनीअर पोरगी जयसिंगपूरहून रोज ये-जा करायची. तिनं फळ्यावर गोल काढून दाखवला. "काका, केबल शाळेपासनं आणून गल्लीच्या टोकाला नुसती सोडू नका. पलीकडच्या गल्लीतनं फिरवून परत शाळेत न्या. एका बाजूला तुटली तरी दुसऱ्या बाजूनं लाईन चालू राहील. रिंग म्हणतात ह्याला."

पलीकडची गल्ली म्हणजे पलीकडची तालीम, आणि पलीकडची तालीम म्हणजे तो फुटबॉल संघ. त्या वर्षी आम्ही त्यांच्याकडून पेनल्टीवर हरलो होतो. ती पेनल्टी होती की नव्हती यावर माझ्याशी वाद घालू नका. नव्हती.

मी उठलो आणि म्हणालो, "त्यांच्या गल्लीतनं आमची केबल जाणार असंल तर आमाला केबलच नको!"

टाळ्या, शिट्ट्या. पोरीनं गोल पुसला.

आता गंमत ऐका. माझी सून त्याच गल्लीतली. तिचं माहेर आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे त्यांची पोरगी आम्हाला चालते, केबल चालत नाही. हा आमचा शहाणपणा.

केबल आली तशी सूनबाईला पुण्याच्या एका कंपनीत घरून करायचं काम मिळालं. अट एकच: पहिला महिना एकही दिवस लाईन बंद पडता कामा नये. जमलं तर नोकरी कायम आणि घरूनच. नाही तर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं. मुलगा इथल्या कारखान्यात, नात नुकतीच बालवाडीत. तेव्हा त्या महिन्यावर आमचं अख्खं घर टांगलेलं होतं, आणि हे मला चांगलं माहीत होतं.

महिना संपायला चार दिवस राहिले आणि गणपतीचा मांडव घालायला सुरुवात झाली. खांबासाठी खड्डा घेताना आमच्याच पैलवानानं आमच्याच केशरी पाइपवर पहार घातली. पाइप त्यानं स्वतः पुरली होती! विचारलं तर म्हणतो, "मास्तर, मांडवाचा खांब दरवर्षी हितंच असतोय की." खरं होतं ते. चर खणताना मांडवाची आठवण कुणालाच झाली नव्हती.

पालिकेची माणसं तासाभरात आली. पण काचेच्या तारेचा जोड पावसात करता येत नाही, आणि आभाळ फाटलं होतं. मोबाईलच्या नेटवर कंपनीचं काम उघडत नव्हतं. सूनबाई लॅपटॉप पिशवीत घालून खाली आली.

"मामा, मी आईकडं जाऊन बसते. तिथली लाईन शाळेपासनं येगळी हाय, ती चालू हाय."

दारासमोर अर्धवट मांडवाच्या ताडपत्रीखाली निम्मी गल्ली बसलेली. अध्यक्षाची सून लाईनीसाठी त्यांच्या दारात गेलेली सगळे बघणार. मी म्हणालो, "थांब की जरा. पाऊस उघडला की जोडतील."

ती थांबली. माझ्या शब्दाखातर ती पोरगी संध्याकाळपर्यंत पायरीवर पिशवी मांडीत घेऊन बसली. पाऊस उघडला नाही. दुसऱ्या दिवशी मला न विचारता ती माहेरी गेली, पण एक दिवस बुडायचा तो बुडाला होता. कंपनीनं कळवलं, पुण्याला या.

संताप असा झाला की पैलवानाला, मांडवाला, पावसाला, सगळ्यांना शिव्या घातल्या. शिव्या संपल्या तेव्हा उरलो मी.

गणपती गेल्यावर इंजिनीअर पोरगी पुन्हा आली. फळ्यावर पुन्हा गोल काढला. मी उठून म्हणालो, "रिंग करायची. माझी चूक झाली." मग मागून पैलवान ओरडला, "त्यांच्या गल्लीतनं आमची केबल जाणार असंल तर आमाला केबलच नको!" अगदी माझ्याच थाटात, छाती काढून. पूर्वीपेक्षा जास्त टाळ्या पडल्या.

घरी आलो तर सूनबाई बॅग भरत होती. नातीचे फ्रॉक एकावर एक ठेवलेले.

"काय ठरलं, मामा?"

"न्हाय म्हणाले."

"आन् तुमी?"

"मी व्हय म्हणालो."

तिनं बॅगेची चेन लावली. "हे 'व्हय' तुमी त्या दिवशी मला म्हणायला पायजे हुतं," ती म्हणाली.