नाहीसं होण्याची रीत

जगात वस्तू नाहीशा कशा होतात, याची मनापासून काळजी करणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. परळला जुन्या गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या टॉवरमध्ये भावोजी मॅनेजर आहेत. मोबाइलवर बोट लावलं की ॲप फुलत उघडतं, बंद केलं की आक्रसत जाऊन आपल्या चौकोनात बसतं. ते फुलणं आणि आक्रसणं सुधारायचं, हा त्यांचा प्रोजेक्ट. माझी आई लोकांना "जावई फोनमध्ये असतात" एवढंच सांगते.

हे काम त्यांनी ऑफिसातच ठेवलं असतं तर प्रश्न नव्हता. दादरच्या हॉलमध्ये माझं लग्न लागलं, भटजींनी अंतरपाट खस्सकन ओढला आणि अक्षतांच्या वर्षावात भावोजींचा आवाज आला, "अहो, हळू! मुलगी एकदम समोर आली." आमच्या गिरगावच्या घरून निघताना ते कधीच नुसते उठत नाहीत. आधी खुर्चीच्या कडेला येतात, मग उभे राहतात, दारात रेंगाळतात, जिन्यातून पुन्हा हात करतात. तोवर ताई खाली टॅक्सीवाल्याची समजूत घालत असते.

ते चिडल्याचं मात्र एकदाच ऐकलं, तेही त्यांच्या टीममधल्या एका मुलीकडून. स्वस्त फोनवर त्यांचं ॲनिमेशन अडखळत होतं, म्हणून ऑफिसातल्या वरच्या बाईंनी तसल्या फोनमधून ते काढूनच टाकायचं ठरवलं.

"स्वस्त फोन घेतला म्हणून माणसानं दचकत राहायचं?" भावोजींनी विचारलं.

"कोणाच्या लक्षात येणार आहे?" बाई म्हणाल्या.

तेव्हा भावोजींनी भर मीटिंगमध्ये आपल्या आईची गोष्ट सांगितली. त्या काळाचौकीच्या चाळीत एकट्या राहतात. त्यांच्या स्वस्तातल्या फोनवर भावोजींनी चाचणी म्हणून हे सगळं हलणं बंद करून पाहिलं होतं. व्हिडिओ कॉल संपला की मुलाचा चेहरा दिवे गेल्यासारखा गडप व्हायचा. म्हातारी रुसली, फोन उचलेना. शेवटी आपल्या मालवणीत म्हणाली, "फोन आपटतस कित्याक? माझा काय चुकला?"

कोणी हसलं नाही. बाईंनी थोडी मुदत दिली. भावोजींनी स्वतः हौसेनं करून घेतलेल्या सावल्या, उसळ्या, धूसर कडा एकेक करून काढून टाकल्या आणि फक्त एक साधं, संथ सरकणं ठेवलं. तेवढं त्या फोनना झेपलं. अपडेट सगळीकडे गेलं आणि कोणीही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. भावोजींनी ऑफिसात पेढे वाटले.

परवा मी काळाचौकीला त्यांच्या आईकडे गेलो होतो. भावोजींशी त्यांचं बोलणं नुकतंच संपलं होतं. स्क्रीनवरचा चेहरा लहान होत खाली सरकू लागला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर फोनवरची नजर न काढता त्यांनी हात वर केला.

"थांब रे," त्या म्हणाल्या, "अजून गेलो नाय तो."