काकूंनी न केलेली सही

आमच्या थोरल्या काकूंनी उभं आयुष्य कॉलेजात भाषेतल्या ध्वनींचं शास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर एका सरकारी कचेरीचं काम त्यांच्याकडे यायचं. परक्या मुलखातून आसरा मागायला आलेल्यांच्या टेप ऐकायच्या आणि माणूस सांगतो तिथलाच आहे का, ते लिहून द्यायचं.

एकदा एका गवंड्याची टेप आली. तो ज्या डोंगराळ भागातला म्हणवत होता, तिथली माणसं 'स्टेशन'ला 'इस्टेशन' म्हणतात. हा मात्र दर वेळी स्वच्छ 'स्टेशन' म्हणत होता.

"सरळ खोटं बोलतोय. करा अहवालावर सही, देतो त्याला परत पाठवून," कचेरीतले साहेब म्हणाले.

काकूंचं डोकंच फिरलं. "अहो, जिभेला काय एकच नियम असतो? एक म्हणतो, शब्दाच्या सुरुवातीला दोन व्यंजनं चिकटून नकोत, जड जातं. दुसरा म्हणतो, शब्दात पदरचं काही घालू नकोस. दोन्ही एकदम पाळता येत नाहीत, कुणीतरी माघार घेतो. घरात पहिला वरचढ ठरतो, म्हणून 'इस्टेशन', आणि समोर तुमच्यासारखे साहेब बसले की दुसरा! त्याला घरच्या माणसाशी बोलू द्या, मग ऐका."

"तशी तरतूद नाही, मॅडम."

"हाकलायची आहे, ऐकायची नाही?"

तणतणत काकू बाहेर आल्या. बाकावर एक माणूस फोनवर बहिणीची समजूत घालत होता. टेपवरचा आवाज त्यांनी लगेच ओळखला. "रडू नको गं ताई. इस्टेशनवर उतरलो की फोन करतो."

काकू उलट्या पावली आत गेल्या. "या बाहेर, स्वतःच्या कानांनी ऐका!"

साहेब जागचे हलले नाहीत. "बाकावरच्या गप्पा पुराव्यात धरत नाहीत."

काकूंनी सही केली नाही. तिथेच बसून कडक हरकत लिहिली, तिच्यावर पोचेचा शिक्का मारून घेतला आणि एक प्रत गवंड्याच्या वकिलाला दिली. वर्षभराने फेरसुनावणी झाली. तिथे त्याचं बहिणीशी बोलणं ऐकलं गेलं आणि त्याला राहायची परवानगी मिळाली. काकूंना मात्र त्या कचेरीने पुन्हा बोलावलं नाही.

"जाऊ द्या ना काकू, शेवटी झालं ना चांगलं?" मी म्हणाले.

"डोंबलाचं चांगलं!" काकू उसळल्या. "वर्षभर त्याला थापीला हात लावू दिला नाही. आणि तो साहेब अजून त्याच खुर्चीत बसलाय! माझ्या जागी आणलाय तो तज्ज्ञ तर म्हणे टेप अर्धीच ऐकतो."