अभ्यासिकेतला कॅमेरा कोणी फिरवला?

१. आपल्याकडचे कॅमेरे नेटवर कोणालाही दिसतात का ते पाहायला आज दुपारी कॅमेऱ्याच्या लॉगिन पानाचं शीर्षक आणि 'जालना' टाकून मी नेटवर शोधलं.
२. कुंभार पिंपळगावात बहीण जाते त्या अभ्यासिकेचं दार थेट दिसलं. पासवर्ड विचारलाच नाही.
३. मी काहीच दाबलं नव्हतं, तरी कॅमेरा दारावरून मुलींच्या बाकांकडे वळला. पहिल्या बाकावर बहीण होती.

तिला फोन करून कॅमेऱ्याची वायर काढायला लावली. मग कॅमेरा बसवणाऱ्या भाऊंना विचारलं.

"ताई, पासवर्ड ठेवला की लोक विसरतेत अन् मलाच बोलवतेत. म्हणून गावात कुठंच ठेवला न्हाई."

"मग आज फिरवला कोणी?"

"हवेनं फिरला असंल."

बंद खोलीत हवेला बरोबर मुलींचेच बाक सापडले.

तुमच्याकडचा कॅमेरा त्यांनीच बसवला असेल, तर तो पासवर्ड विचारतो का ते तपासून शुक्रवारपर्यंत इथे कळवा.