माळावरच्या घोडीला हिरवं दाखवताना

आमच्याकडं बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांपुढं घोडी पळते. गुलाल बैलांना लागतो, घोडीला कुणी विचारत नाही. मी लग्न होऊन दौंडकडच्या या बागायती घरात आले, त्याच साली सासऱ्यांनी अशी एक घोडी आणली. दोघीही शिरूरच्या कोरड्या माळावरच्या.

इथं पाटाचं पाणी, गुडघाभर लसूणघास. पण सासरे घोडीला आधी पोटभर कडबा घालायचे, मग दव वाळल्यावर दावं हातात धरून घासाच्या वाफ्यात न्यायचे आणि ती जरा रमली की ओढून बाहेर काढायचे. रोज थोडा वेळ वाढवायचे. संध्याकाळी खुरांवर हात ठेवून ते तापलेत का बघायचे. वाळल्या गवतावरच्या जनावराला एकदम हिरवं झेपत नाही, आधी पोट बिघडतं, मग खुरात आग उतरते, असं ते सांगायचे.

मला वाटायचं, काय कंजूष माणसं! मी नवी नवरी, गोठ्याआड उभी राहून घोडीसाठी पदरानं डोळे पुसायची. काय पण माझी अक्कल. घोडीला महिनाभर सवय लावली; मला मात्र आल्या दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्या खटल्याच्या भाकरी थापायला बसवलं. माझे तळवे कुणी चाचपून बघितले नाहीत.

गेल्या वर्षी माझ्या मुलानं घोडी आणली, तीही माळावरचीच. गावची यात्रा तोंडावर आलेली, आणि यंदा गाड्यापुढं आपली घोडी पळणार, असं त्यानं गावभर सांगून टाकलेलं. मी सासऱ्यांची रीत त्याला दोनदा सांगितली. तो हसला.

"आई, पै-पाहुण्यांना काय घोडीच्या बरगड्या दाखवू?"

सून आत पुटपुटली, म्हातारीला खाणाऱ्याचं सुख बघवत नाही. तशी ती अगदीच खोटं बोलत नाही, पण इथं चुकली.

पाहुणे आले त्या दिवशी त्यानं घोडी दुपारभर वाफ्यात मोकळी सोडली. सगळ्यांनी फोटो काढले. दुसऱ्या दिवशी ती पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागं घेऊन उभी. खुरं तव्यासारखी. जनावरांचे डॉक्टर आले, सुई टोचली, म्हणाले, जगेल, पण यात्रेत पळायची नाही. एवढं हिरवं घातलं कुणी?

सगळे माझ्याकडं बघायला लागले. घरात चारापाणी बायकांचं ना! मुलगा म्हणाला, "आमच्या आईचा हात जरा मोकळा हाय, डॉक्टर."

पूर्वीची मी असते, तर गोठ्याआड जाऊन रडले असते. आता म्हटलं, "हात मोकळा हाय, आन् तोंडबी. काल दुपारी दावं कुणी सोडलं, सांगू का?"

मुलानं सुनेला चहा टाकायला सांगितलं. पण गावात माझंच नाव झालं. म्हातारीनं घोडी घालवली, असं अजून म्हणतात.

यात्रेच्या दिवशी सगळे शर्यतीच्या घाटावर गेले, गाड्यापुढं उसनी घोडी घेऊन. मी हिच्या खुरांवर गार पाणी ओतत बसले. भोंग्यावर गाड्याचा पुकारा झाला तसे हिनं कान टवकारले, एक पाय उचलला, आणि कण्हून परत टेकवला.

"राहू दे, बये," मी म्हटलं, "आपल्या दोघींची तिथं कुणाला आठवण न्हाई."