बिनकामाचं चालणं

गावाकडे शेजारचे काकाजी रोज सकाळी खांद्यावर फावडं टाकून तळ्याच्या पाळीवरून चालत. चालायला डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण बिनकामाचं फिरायची त्यांना लाज. कोणी "कुठं जाऊन राहिले जी?" विचारलं की म्हणत, "धान पाहून येतो." त्यांचं शेत गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं, हे सगळ्यांना ठाऊक. लहानपणी मी त्यांच्या मागे मागे पळायचो.

मी आठवीतून शाळा सोडलेला, आता मस्कतला गवंडीकाम करतो. यंदा कंपनीच्या तपासणीत बीपी वाढलेलं निघालं. पुढच्या खेपेलाही तसंच राहिलं तर घरी पाठवतील, या धास्तीनं रोज चालायला लागलो. खोलीतले सोबती हसले, तसं बंद केलं. फोनवर काकाजींना हे सांगितलं.

"उद्या मले फोन लाव. दोघं चालू."

दुसऱ्या दिवशी मी कामगारांच्या कॅम्पच्या कुंपणाकडेनं, ते पाळीवरून. फोनमधून टिटवी ऐकू आली. तेवढ्यात तिकडे कोणीतरी त्यांना हटकलं. काकाजी मोठ्यानं म्हणाले, "तब्येतीसाठी फिरून राहिलो. मस्कतचा पोरगा बी संगं हाये."

थोड्या वेळानं त्यांना धाप लागली. मी विचारलं, "थांबू का जी?"

"तू कायले थांबून राहिला? तपासणी तुही हाये, माही नाही."