आधी बोट, मग यंत्र

काहीही बिघडलं की आमचे व्याही विनायकराव आधी स्वतःच्या बोटाकडे बघायचे. स्टेशनवर तिकिटाचं यंत्र अडलं की लोक त्याला थापडा मारतात. हे चष्मा वर करून बोट बघायचे, पँटला पुसायचे आणि पुन्हा दाबायचे. "आधी बोट, मग यंत्र. यंत्राचं आपल्याशी वैर नसतं, दादा," म्हणायचे. वर एखादं गेनाऊ, म्हणजे 'बरोबर', नाहीतर आल्झो, म्हणजे 'तर मग', टाकायचे, जर्मनीत उभं आयुष्य काढल्याची खूण म्हणून.

मी चौथी शिकलेला. गावाकडे चाळीस वर्षं ढोलकी वाजवली. भजनात, लग्नात, दोन हंगाम तमाशाच्या फडावरसुद्धा. बायको वारल्यावर मुलाने, सुधीरने, मला इकडे जर्मनीत आणलं. तो नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. विनायकराव त्याचे सासरे, चार गल्ल्या सोडून राहायचे. रीतीने बघाल तर मी मुलाचा बाप, मान माझा. पण इथे सरकारी कागद आला की विनायकराव, डॉक्टर गाठायचा की विनायकराव. माझी नात सई आठ वर्षांची. मी मराठीत विचारलं तर जर्मनमध्ये उत्तर द्यायची. विनायकरावांना ती ओपा, म्हणजे आजोबा, म्हणायची. त्यांच्याशी तासन्‌तास जर्मनमध्ये हसायची. मी मधे बसून दोघांची तोंडं बघायचो. पोटात दुखायचं, लपवून काय करू?

त्यात माझी ढोलकी बंद झाली. दुपारी आणि रविवारी आवाज नको, असा इमारतीचा नियम. खालची बाई दोनदा वर येऊन गेली. तेव्हा विनायकरावांनी मला त्यांच्या केलरमध्ये, म्हणजे घराखालच्या तळघरात नेलं. तिथे कॉम्प्युटर, त्याला जोडलेला कीबोर्ड आणि माझ्यासाठी मुद्दाम आणलेले रबरी पॅड. पॅडवर थाप मारायची, ढोलकीचा आवाज कॉम्प्युटर काढणार, तोही फक्त हेडफोनमध्ये.

"याला मिडी म्हणतात, दादा. हा आवाज नाही साठवत. तुमचा हात कधी पडला, किती जोरात पडला, ते साठवतो."

मी एक थाप मारली आणि हेडफोन काढून ठेवला. "उशिरा येतोय."

"आधी बोट, मग..."

"बोटाचं मला शिकवू नका. हात पडतो, मग आवाज कुठेतरी चहा पिऊन येतो."

ते हसले, पण तपासायला बसले. पडद्यावर एक खिडकी उघडली, त्यात आकडा होता ५१२. कॉम्प्युटर आवाज मुठीत गोळा करून सोडतो म्हणे. मूठ जेवढी मोठी, तेवढा उशीर. त्यांनी आकडा १२८ केला. थाप हाताखाली आली. लगेच वर जाऊन सगळ्यांना सांगितलं, "दादांचा कान खरा! मी दोन वर्षं उशिरा वाजवत होतो, मला पत्ता नाही." त्यावर माझी सून म्हणते, "बघा, बाबांचं मन किती मोठं!" कान माझा आणि कौतुक त्यांचं.

पुढच्या वर्षी गणपती त्यांच्या केलरमध्येच बसवला, आवाज बाहेर जात नाही म्हणून. सई आरती म्हणणार, विनायकराव कीबोर्डवर साथ करणार. आणि मला काय दिलं? झांज. चाळीस वर्षं ढोलकी वाजवलेल्या माणसाच्या हातात झांज! पाहुणे वर चपला काढत होते तेवढ्यात मी खाली गेलो. जर्मन वाचता येत नसलं तरी आकडे येतात. ती खिडकी उघडली आणि सगळ्यात मोठा आकडा दाबला. २०४८.

आरती पुढे आणि सूर मागे. विनायकराव घाई करायचे, मग चुकायचे, मग थांबून पुन्हा धरायचे. गेर्लिंगेनहून आलेला एक पाहुणा म्हणाला, "काका, झोप लागली की काय?" सगळे हसले. मीही हसलो. विनायकरावांनी पडद्याकडे एकदाही बघितलं नाही. बघितलं ते बोटांकडे. उरलेली आरती त्यांनी टाळ्यांवर म्हटली.

"माझ्या वडिलांचे हात असेच गेले," नंतर सुधीरला म्हणाले. "आधी उशीर, मग थरथर."

कीबोर्डवर शाल पडली. मला वाटलं, आता सई माझ्याकडे वळेल. कुठलं काय! ती रोज शाळेतून त्यांच्याकडे जायची आणि त्यांच्या एकेका बोटाला तेल चोळत बसायची. माझ्या बोटांना कुणी तेल लावलं नव्हतं. महिनाभराने सून म्हणाली, बाबा कीबोर्ड सईच्या संगीताच्या बाईंना देऊन टाकताहेत, शनिवारी न्यायला येतील.

शुक्रवारी मी गेलो. शाल काढली, कॉम्प्युटर चालू केला, त्यांच्यादेखत खिडकी उघडली आणि १२८ केलं.

"वाजवा."

"नको, दादा."

"वाजवा म्हणतो ना!"

त्यांनी एक सूर दाबला. मग दुसरा. मग दोन्ही हातांनी अख्खी आरती वाजवली, एकही सूर मागे न ठेवता. थांबले. स्वतःच्या बोटाकडे बघितलं, आकड्याकडे बघितलं आणि मग माझ्या बोटाकडे.

"आल्झो," म्हणाले. "बोटच होतं. फक्त माझं नव्हतं."

"होय," मी म्हणालो. माफी तोंडातून निघाली नाही. जन्मात कधी निघाली नव्हती. त्यांनी पॅड माझ्यापुढे सरकवले. "बसा. उगाच झांज दिली तुम्हाला."

सई आली तशी तिला मराठीत म्हणाले, मला कळावं म्हणून, "बघ, यंत्रात बिघाड होता. आजोबांनी शोधला." पोरगी धावत येऊन मला बिलगली. पहिल्यांदाच. मला तिला सोडवेना.

दोन वर्षांनी विनायकराव गेले. त्यांनी कधी कुणाला काही सांगितलं नाही. हेवा माझा अजून गेलेला नाही. उलट वाढला, कारण नातीची ती मिठीही मला त्यांच्याच हातून मिळाली.

आता कीबोर्डवर सई बसते, पॅडवर मी. मधेच काही अडलं की मी आधी माझ्या बोटाकडे बघतो. "ओपाची सवय लागली तुम्हाला," सई म्हणते.

मी हो म्हणतो.